पगारी नाक

पहिला पगार खात्यात जमा झाला त्या दिवशी थोरला जेवणाच्या सुट्टीत हिशेब विभागात गेला आणि तिथल्या कारकुनाला हळूच म्हणाला, "माझ्या पगारात काहीतरी चूक झालीये. जास्त आलेत."

कारकुनानं आधी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तेवीस वर्षांचा पोरगा, कॉलर झिजलेला शर्ट, पायात कॉलेजच्या वेळचेच बूट.

"कमी आले म्हणून भांडायला रोज कुणीतरी येतं," कारकून म्हणाला. "जास्त आले म्हणून येणारे तुम्ही पहिलेच. चूक नाहीये. एवढाच आहे तुमचा पगार. दर महिन्याला एवढाच येणार. सवय करून घ्या."

थोरला जिना उतरून खाली आला आणि फाटकाजवळच्या बाकावर बसून राहिला. आनंद झाला होता, नाही असं नाही. पण आपल्याला कुणीतरी दुसराच माणूस समजून हे पैसे दिलेत आणि एक दिवस तो खरा माणूस येऊन उभा राहील, असं त्याला वाटत होतं.

थोरला म्हणजे घरातला मोठा मुलगा. त्याच्या पाठीवर एक बहीण, ती धाकटी. बाबा बसच्या डेपोत मेकॅनिक, आई घरी बसून शिवणकाम करायची. एका लॉंड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत चौघं राहत. थोरल्यानं रसायनशास्त्रात पदवी घेतली होती, तीही बेताच्याच गुणांनी. साबण, पावडरी, फरशी पुसायची औषधं यांच्यात घालायचे सुगंध बनवणाऱ्या एका कंपनीत तो प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुण्याच्या नोकरीसाठी गेला होता. दुसरं काही मिळेल अशी त्याचीही अपेक्षा नव्हती.

तिथे सगळ्या उमेदवारांना कागदाच्या तीन-तीन पट्ट्या हुंगायला दिल्या. दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी कुठली ते सांगायचं. असं बारा वेळा. बाकीच्यांची पाच-सहा उत्तरं बरोबर आली. थोरल्याची बाराच्या बारा आली. वर नवव्या खेपेला तो म्हणाला, "ही वेगळी. आणि या मधल्या पट्टीला कुणीतरी संत्रं सोललेल्या हातानं धरलंय." पट्ट्या तयार करणाऱ्या मुलीनं दोन्ही हात पाठीमागे लपवले. तिला कंपनीत सगळे चिमणी म्हणत, कारण तिचं तोंड दिवसभर चालू असायचं. त्या दिवशी मात्र ती पाच मिनिटं गप्प होती.

अर्ध्या तासात मालक, म्हणजे साहेब, स्वतः खाली आले. "रसायनशास्त्र काय, कुणीही शिकतं," ते म्हणाले. "नाक घेऊन जन्माला यावं लागतं." त्यांनी आकडा सांगितला. थोरल्याला तो वर्षाचा वाटला, पण तो महिन्याचा होता. ज्या खुर्चीवर त्याला बसवणार होते ती आठ महिने रिकामी होती. का रिकामी होती, ते कुणी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही. एवढा पगार ऐकल्यावर माणसाला प्रश्न जरा कमीच सुचतात.

काम तसं सोपं होतं. सुगंधाचा प्रत्येक घाणा, म्हणजे एका वेळी बनलेला माल, पिंपांत भरून बाहेर जायच्या आधी थंड कपाटातल्या मूळ नमुन्याशी ताडून बघायचा. घाण्यात काय काय आहे ते यंत्र सांगायचं. पण त्यात किंचित खवटपणा उतरलाय, पिंपाच्या रबराचा वास लागलाय, हे यंत्राला कळत नव्हतं. ते थोरल्याला कळायचं. एक पट्टी हुंगायची, मग नाक कोपराच्या खोबणीत खुपसून स्वतःचाच वास घ्यायचा, म्हणजे नाक पुन्हा कोरं होतं. मग दुसरी पट्टी. शेवटी कागदावर सही. त्याची सही झाल्याशिवाय एक पिंप फाटकाबाहेर जात नसे. करारात एक कलम होतं, नाकाची क्षमता गेल्यास त्या दिवसापासून करार रद्द. थोरला ते वाचून हसला होता. म्हाताऱ्यांची गुडघेदुखी असावी तशी ती गोष्ट त्याला लांबची वाटली.

घरी मात्र पगाराची सवय व्हायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या महिन्यात बाबांनी डेपोतली नोकरी सोडली. "तीस वर्षं गाड्यांखाली झोपलो," ते म्हणाले, "आता पलंगावर झोपतो." चौथ्या महिन्यात सातव्या मजल्यावरचं नवं घर झालं, थोरल्याच्या सहीनं वीस वर्षांचं कर्ज काढून. धाकटीनं सरकारी कॉलेज सोडून खासगी कॉलेजात नाव घातलं. आईनं शिलाई मशीन मावशीला देऊन टाकलं. मशीन टेम्पोत चढवताना आई हसत होती, मावशी हसत होती, आणि थोरला गॅलरीतून बघत होता. त्याच्या एकदम लक्षात आलं की घरातला एकेक माणूस आपापली मागे वळायची वाट बुजवून टाकतोय, आणि हे सगळं ते त्याच्यावरच्या प्रेमानं, त्याच्यावरच्या विश्वासानं करतायत. त्याला तिथल्या तिथे ओरडून मशीन खाली उतरवायला लावावंसं वाटलं. पण असं सांगायला काही कारण तरी हवं ना.

आणि नाकाची बडदास्त तर विचारू नका. आईनं कांदा-लसूण तळणं बंद केलं. डोक्याला लावायचं तेल बदललं. बाबांनी सिगारेट सोडली, जी आजवर दोन डॉक्टर आणि एक आजार सोडवू शकले नव्हते. पावडर लावून घराबाहेर पडायचं, घरात नाही, असा धाकटीला हुकूम होता. ती चिडून थोरल्याला नाकोबा म्हणायची. "नाकोबा आले, सगळ्यांनी श्वास रोखा!" पाहुणे आले की आई त्यांना दारातच विचारायची, "अत्तर-बित्तर लावलं नाहीये ना?" एक आत्या त्यावरून रुसून जिन्यातूनच परत गेली, ती अजून फिरकलेली नाही. रस्त्यावरच्या धुरामुळे खिडक्या कायम बंद. अख्खं घर असं बिनवासाचं झालं होतं, आणि त्या घरात कसला वास आहे, कसला नाही, हे ठरवणारा माणूस एकच होता. भाजी शिळी झाली का? त्याला विचार. नळाच्या पाण्याला वास येतोय का? त्याला बोलाव. आईनं तर हळूहळू स्वतः हुंगून बघणंच सोडलं. घरात एवढं महागाचं नाक असताना आपलं साधं नाक कशाला चालवायचं, असं ती म्हणायची.

दीड वर्ष झालं आणि थोरल्याला तीन दिवस ताप आला. साधाच ताप. चौथ्या दिवशी उतरला. आईनं चहाचा कप हातात दिला. थोरल्यानं सवयीनं आधी कप नाकाजवळ नेला आणि त्याला काहीच आलं नाही. कपात नुसतं गरम पाणी असावं तसं.

सर्दी असेल, म्हणून तो कामावर गेला. प्रयोगशाळेत त्याच्याआधी कुणी आलं नव्हतं. त्यानं लवंगेच्या तेलाची बाटली उघडून नाकाला लावली. डोळ्यांतून पाणी आलं, घशात आग झाली, पण वास आला नाही. त्यानं दुसरी बाटली उघडली, तिसरी उघडली. मग एकेक करत सगळी फळी उघडली आणि त्या पंचवीस-तीस उघड्या बाटल्यांसमोर तो उभा राहिला. चिमणी आत आली आणि दारातच नाक दाबून ओरडली, "सर! अहो काय केलंत हे? डोकं फुटेल माझं!"

"नाकाचा व्यायाम," थोरला म्हणाला. पहिलं खोटं इतकं सहज निघालं, की त्याचंच त्याला नवल वाटलं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तो एका डॉक्टरला भेटला, खोटं नाव सांगून. डॉक्टर म्हणाले, तापानंतर होतं असं. काहींचा वास महिन्यात परत येतो, काहींचा वर्षात. "आणि बाकीच्यांचा?" थोरल्यानं विचारलं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं, "काम काय करता तुम्ही?"

"शिक्षक आहे."

"मग फारसं अडणार नाही तुमचं," डॉक्टर म्हणाले.

एक महिना काढू, असं थोरल्यानं ठरवलं. महिनाभरात येईलच. आणि एक महिना काढणं अवघड नव्हतं, हीच खरी वाईट गोष्ट झाली. घाणे बहुतेक वेळा चांगलेच असत. यंत्राचा कागद तो आधी वाचून घ्यायचा. आणि चिमणी होती. पट्ट्या बुडवताना तिच्याही नाकात वास जायचाच. काही बिघडलेलं असलं की तिच्या भुवया जराशा जवळ यायच्या, आणि ती हात दोनदा पुसायची. थोरला पट्टी नाकाखाली धरून डोळे अर्धवट मिटायचा आणि मिटलेल्या डोळ्यांच्या फटीतून तिच्या भुवया बघायचा. कोपराच्या खोबणीत नाक खुपसायचा, तिथेही काही नसायचं. स्वतःचा वासही आता त्याला येत नव्हता. मग तो सही करायचा.

एक महिना झाला, दोन झाले, तीन झाले. दर महिन्याला पगार यायचा, तेवढाच, वेळेवर. पहिल्या पगाराला तो घाबरला होता. आता पगार जमा झाल्याचा निरोप फोनवर येईपर्यंत त्याला श्वास घेता येत नसे.

तळमजल्यावरच्या भांडारात एक बाई पिंपांना लेबलं चिकटवायची. चाळिशीची असेल. कुणाशी फारशी बोलत नसे. एकदा थोरला नमुने आणायला खाली गेला. एका पिंपाचं झाकण सैल होतं. त्यानं ते उघडलं, आत वाकून नेहमीसारखा हुंगायचा आव आणला आणि मान हलवली.

"तुझं कधी गेलं?" बाईनं लेबलावरून नजर न काढता विचारलं.

"काय?"

"नाक. त्या पिंपात सडून फेकायला काढलेला माल आहे, बाळा. नाक शाबूत असलेला माणूस त्यात वाकून मान नाही हलवत. उडी मारून मागे सरतो."

त्यानं आधी मागे कुणी आहे का ते पाहिलं.

"घाबरू नकोस, मी सांगणार नाही. मला काय मिळणार आहे सांगून?" ती म्हणाली. "तुझ्या आधी त्या खुर्चीवर मी होते. सात महिने चालवलं मी, सात. मग पकडले गेले. साहेब दयाळू हो, बाहेर नाही काढलं, इथे बसवलं. लेबलाला नाक लागत नाही."

"घरी तुम्ही सांगितलं होतं का, ताई?"

बाईनं पहिल्यांदा वर पाहिलं. "तू सांगितलंस?"

"नाही."

"सांग," ती म्हणाली. "आजच्या आज सांग. मी सांगितलं नाही. वाटायचं, यांनी एवढं सगळं माझ्यावर उभं केलंय, आता कुठल्या तोंडानं सांगू. पगार गेला त्याचं नाही रे काही. माणूस दोन घास कमी खाऊन जगतो. पण घरातले माझ्या नाकावर विसंबून होते सात महिने, आणि मला माहीत होतं की ते आंधळं आहे. त्यांच्याकडे बघून मी रोज हसायचे. ते आठवलं की अजून अन्न गोड लागत नाही."

तिच्या घरी काय झालं होतं, ते थोरल्यानं विचारलं नाही. ती सांगेल की काय याचीच त्याला भीती वाटली. नमुने घेऊन तो जवळजवळ पळतच वर आला.

सांगायचं त्यानं ठरवलं खरं, पण त्या आठवड्यात धाकटीच्या परीक्षा होत्या. पुढच्या आठवड्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन. त्याच्या पुढच्या आठवड्यात कंपनीत भानगड झाली.

साबणवाल्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं बारा पिंपं परत पाठवली. खवट आहेत म्हणून. कागदावर थोरल्याची सही होती. साहेबांनी त्याला आणि चिमणीला खोलीत बोलावलं. थोरला मनात म्हणाला, झालं, संपलं. आणि खरं सांगायचं तर त्याला क्षणभर हलकंच वाटलं.

पण साहेब त्याच्याकडे वळलेच नाहीत. "हे नाक चुकणार नाही," ते म्हणाले. "याच्यापुढे पट्टीच चुकीची आली असणार. नमुना कुणी भरला होता?"

"मी," चिमणी म्हणाली. "पण नमुना बरोबरच होता, सर. मला तेव्हाच खवट वाटला होता वास. खरंच. पण यांनी पास केलं, तेव्हा म्हटलं मलाच भास झाला असेल. यांना कळत नाही असं कसं होईल?"

तो घाणा पास केला त्या दिवशी तिच्या भुवया का दिसल्या नाहीत, ते थोरल्याला आठवलं. तिनं कपाळावर भुवया झाकतील असा रुमाल बांधला होता. डोकं दुखत होतं म्हणून.

"ऐकलंत?" साहेब थोरल्याला म्हणाले. "म्हणजे वास आला होता आणि गप्प बसली. तुम्ही सांगा, तुमच्यासमोर आलेल्या पट्टीला खवट वास होता का?"

चिमणी त्याच्याकडे बघत होती. तिला खात्री होती की तो खरं सांगेल, कारण तिच्या लेखी तो खरं सांगणाराच माणूस होता. थोरल्यानं फरशीकडे पाहिलं.

"मला तरी नाही आला," तो म्हणाला. यात एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं तेच होतं.

चिमणीला त्याच दिवशी काढलं. जाताना तिनं त्याच्या टेबलावर पट्ट्यांचा नवा गठ्ठा मोजून ठेवला आणि म्हणाली, "माझंच नाक खराब असेल, सर. डॉक्टरला दाखवते." तिला चीड आली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्या रविवारी सांगायचंच, असं थोरल्यानं पक्कं केलं. मग घर विकावं लागो, धाकटीला परत सरकारी कॉलेजात जावं लागो, बाबांना काही वाटो. वाक्यही तयार केलं होतं. 'आई, माझं नाक गेलंय, चार महिने झाले.' एवढंच. पुढचं पुढे.

दुपारचे चार वाजले होते. धाकटी मैत्रिणीकडे गेली होती, बाबा खाली रखवालदाराशी गप्पा मारत बसले होते. मघाशी आईनं मंद आचेवर दूध ठेवलं होतं, ते उतू गेलं होतं. आईनं धावत जाऊन पातेलं उतरवलं, ओटा पुसला, आणि तेवढ्यात मावशीचा फोन आला म्हणून ती बाहेरच्या खोलीत येऊन वीस मिनिटं बोलत बसली. थोरला जेवणाच्या टेबलाशी बसून तिचं बोलणं संपायची वाट बघत होता. वाक्य जिभेवर होतं. फोन ठेवून आई उठली.

"चहा टाकते," ती म्हणाली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. "काय रे, गॅसचा वास येतोय का?"

थोरल्यानं मान वर केली. आई त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो तिच्या भुवयांकडे बघत होता. तिच्या भुवयांत काही नव्हतं, कारण तिनं ठरवायचं काम त्याच्यावर सोपवलेलं होतं. हीच वेळ होती. जिभेवरचं वाक्य नुसतं सोडायचं होतं.

"नाही," तो म्हणाला. कंपनीतला आवाज. चार महिने कमावलेला, शांत, खात्रीचा. "दूध सांडलं ना मघाशी, त्याचा असेल."

"हो का? मला उगीच वाटलं." आई आत गेली. पातेल्यात पाणी पडल्याचा आवाज आला. मग लायटरचा. खट्.

ठिणगी पडली नाही. वास आहे की नाही, हे त्याला माहीत नव्हतं. या जगात त्या क्षणी त्याला एवढं एकच नक्की माहीत होतं, की त्याला माहीत नाही. खट्. ओरडायला हवं. ओरडलो तर का ओरडलो ते सांगावं लागेल. खट्. काही नसेलही. बहुतेक वेळा काही नसतंच. खट्.

"हे लायटर म्हणजे ना," आतून आई म्हणाली.

तेवढ्यात दार उघडून बाबा आत आले आणि उंबरठ्यावरच थांबले. "अगं, गॅस सुटलाय का?"

"मलाही वाटलं मघाशी," आई म्हणाली. "पण याला विचारलं. नाही म्हणाला."

बाबांनी पुन्हा एकदा जोरात श्वास ओढला. त्यांचं तोंड वाकडं झालं. मग त्यांनी थोरल्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची शंका थोरल्याच्या डोळ्यांदेखत विरघळली. "तो म्हणतोय म्हणजे नसेल," ते म्हणाले. "माझं नाक काय, तीस वर्षं डिझेलमध्ये बुडवलेलं. लायटर चालत नाहीये का? थांब, काडेपेटी देतो." त्यांनी खण उघडला आणि चालता चालताच काडी बाहेर काढली.

थोरला उठला तेव्हा खुर्ची मागे पडली. त्यानं बाबांच्या हातावर फटका मारला, काडेपेटी उडाली, काड्या फरशीभर झाल्या. तो आत घुसला. शेगडीचं बटण अर्धवट उघडं होतं. त्यानं ते बंद केलं, आईला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि एकेक खिडकी उघडत सुटला. दीड वर्षात न उघडलेल्या खिडक्या, त्या निघता निघेनात. रस्त्यावरचा आवाज एकदम घरात शिरला.

तिघंही गॅलरीत उभे राहिले. आई खाली बसली. थोरल्याला वाटलं, आता विचारतील. नाही म्हणालास आणि मग धावलास कसा, असं विचारतील, आणि मी सांगेन. त्यांनी विचारलं असतं तर त्यानं नक्की सांगितलं असतं. तेवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं.

"कळलं ना त्याला!" आई एकदम म्हणाली आणि रडायला लागली. "बघा हो, शेवटी कळलं ना त्याला! त्याच्या नाकानं वाचवलं आपल्याला."

"आई," थोरला म्हणाला, "तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणालो होतो."

"अरे, तेव्हा नसेलच सुटलेला. असता तर तुला कळल्याशिवाय राहिलं असतं का?"

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "आपल्याला वाटला तो दुधाचाच. खरा गॅस सुटला तेव्हा हा एका क्षणात उठला. मी पाहिलं ना."

"माझ्या नाकाचं मेलीचं आता काही खरं नाही," आई डोळे पुसत म्हणाली. "यापुढे तुला विचारल्याशिवाय मी शेगडी पेटवायचीच नाही."

"आणि मी घरी नसलो तर?"

"फोन करीन. मला कसा वाटतोय ते सांगीन, तू सांग काय ते. तुला नुसतं सांगितलं तरी कळेल." ती हसली. वेडगळ बोलतोय हे तिलाही कळत होतं, पण ती ते करणार होती. थोरल्याच्या जिभेवर अजून ते वाक्य होतं. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. थोरल्यानं वाक्य गिळलं.

सोमवारी साडेअकरा वाजता साहेब परदेशी गिऱ्हाइकांना घेऊन प्रयोगशाळेत आले. नवीन मदतनीस पट्ट्या धरून उभा होता. त्याचा चेहरा कोरा, भुवया दगडासारख्या. "हे आमचं नाक," साहेब पाहुण्यांना म्हणाले. "काल यानं अख्खं घर वाचवलं. याचे वडील आत्ताच फोनवर सांगत होते मला." पाहुण्यांनी माना डोलावल्या. सगळे थोरल्याकडे बघत होते, आणि त्याच्या खिशातला फोन वाजला.

"घ्या, घ्या," साहेब कौतुकानं म्हणाले. "घरचाच असेल."

"अरे, मी बोलतेय," आई म्हणाली. "कामात आहेस का? नाही, स्वयंपाकाला लागायचं होतं. बटण रात्रीच बंद केलं होतं, असं मला वाटतंय. कसला तरी वास आहे, पण तो कालचाच असेल, घरात भरून राहिलेला. खिडक्या लावून घेतल्यात, तुझ्या नाकाला त्रास नको म्हणून. तुझे बाबा म्हणतायत, आधी त्याला विचार. सांग, पेटवू ना?"

साहेब हसत होते. मदतनिसानं पहिली पट्टी पुढे केली.

"पेटव," थोरला म्हणाला, आणि फोन कानाला तसाच लावून धरला.